सिंगापूर सुटायच्या आत

मांडवी, रत्नागिरी
गुरुवार, दुपारचे दोन

प्रिय गौरव,

वॉचवर असशील तर हे पत्र आता वाचू नकोस. इंजिन रूममध्ये तर नाहीच नाही. वॉच सुटू दे, आंघोळ कर, चार घास खा आणि मग केबिनचं दार लावून, बंकवर बसून वाच. मी वीस वर्षं सारंग म्हणून डेकवर माणसं सांभाळली आहेत. हातात काम आणि डोक्यात घर असलं की माणूस काय करून बसतो ते डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा हे बापाचं लाडीगोडीचं सांगणं नव्हे, सारंगाचा हुकूम समज.

बसलास? आता एका दमात सांगतो, कारण मध्ये थांबलो तर पुढे लिहिणार नाही. तुझी आई अकरा दिवस हॉस्पिटलात आहे. मागच्याच्या मागच्या रविवारी सकाळी मागल्या दारी कपडे वाळत घालताना छातीत कळ येऊन खाली बसली. अटॅकच होता. रत्नागिरीतच ठेवलंय, शुद्धीवर आहे, बोलते, भांडतेसुद्धा. पण तीन ठिकाणी नळ्या तुंबल्यात आणि औषधांनी भागणार नाही असं डॉक्टर म्हणतात. रविवारी तिला ॲम्ब्युलन्सने कोल्हापूरला हलवायचं आणि सोमवारी बायपास. तिची साखर आणि किडनी बघता धोका आहे. किती, म्हणून मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की अशा शंभर जणांत वीस जण उठत नाहीत. मी चांगलं सांगणारा आकडाही सांगून बघितला मनाशी, ऐंशी उठतात. पण रात्रंदिवस कानात वीसच वाजतो.

म्हणजे अकरा दिवस मी तुला जे जे लिहिलं ते खोटं होतं. आईचा मोबाईल पाण्यात पडला नाही, तो माझ्या खिशात आहे. तुळशीपाशी उभी असलेली तिचा जो फोटो तुला पाठवला तो गणपतीतला. तू लिहिलंस, बाबा, आईचा आवाज टाका. मी लिहिलं, तिचा घसा बसलाय. तू लगेच लिहिलंस की ज्येष्ठमध द्या. गौरव, मी चपला घालून बाजारात गेलो आणि ज्येष्ठमध घेऊन आलो. कशासाठी, ते विचारू नकोस. निदान तेवढं तरी खरं असावं असं वाटलं असेल. ती पुडी अजून या पडवीच्या कोनाड्यात आहे, आता लिहिताना समोर दिसतेय.

कमळाआत्या पहिल्या दिवशीच येऊन बसली होती. माझी थोरली बहीण, तिच्यापुढे आजही माझं काही चालत नाही. तुझं नाव मी काढलं तशी म्हणाली, "बोटीवरच्या मानसाला वायट कळवायचा नाय. आपल्यात तशी पद्धत नाय." तुला ही पद्धत माहीत आहे, आपल्या आळीत घरटी एक माणूस बोटीवर. घरी कोणी आजारी पडो, कोणी जावो, माणूस साइन ऑफ होऊन, बोट सोडून उंबऱ्यात येईपर्यंत त्याला सगळं ठीक आहे असंच कळवायचं. तिथून तो काय करणार? नुसता जिवाला घोर. समीक्षाचंही तेच. काल चिपळूणहून परत आली ती माझ्याशी कडकडून भांडली, की दादा टँकरवर आहे, त्याचं लक्ष उडालं आणि काही झालं तर तुम्ही जबाबदार. तिचं चूक नाही. गुहागरचा दीपक नावाचा खलाशी माझ्या हाताखाली होता. भाऊ गेल्याची तार त्याला संध्याकाळी मिळाली आणि दुसऱ्या सकाळी दोर बांधताना त्याची दोन बोटं विंचमध्ये गेली. मी चार हातांवर उभा होतो. ही पद्धत काही उगाच पडलेली नाही.

आता तुझ्या पुस्तकाबद्दल. जाताना तू माझ्या उशाशी ते स्टोइक लोकांचं पुस्तक ठेवून गेलास, तेव्हा मला वाटलं, झालं, रिटायर बापाला शहाणा करायला पोरगा निघाला. दोन महिने मी त्यावर चष्मा ठेवत होतो. हॉस्पिटलात सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास आत सोडतात, बाकीचा वेळ बाकड्यावर. तिथे न्यायला दुसरं काही हाताला लागलं नाही म्हणून ते नेलं. शेजारच्या यमुनाबाई आईला बघायला आल्या होत्या, त्या मला म्हणाल्या, "भावोजी, कसली पोथी वाचताव?" मी म्हटलं, ग्रीकांची. त्यांनी लांबूनच नमस्कार केला.

मला वाटलं होतं असले लोक म्हणजे डोंगरात जाऊन बसणारे. तर यांचा मूळ पुरुष निघाला व्यापारी. जांभळ्या रंगाचा माल भरून गलबत चाललं होतं, ते फुटलं, सगळं बुडालं, आणि हा नेसत्या वस्त्रानिशी अथेन्सला लागला. तिथे शिकला आणि मग बाजारातल्या एका रंगवलेल्या पडवीत बसून लोकांना शिकवायला लागला. त्या पडवीलाच त्यांच्या भाषेत स्टोआ म्हणायचे, त्यावरून हे स्टोइक. जहाज फुटलेल्या माणसाने पडवीत बसून काढलेलं तत्त्वज्ञान म्हटल्यावर मी जरा सावरून बसलो, आपलाच माणूस की. पुढे चारपाचशे वर्षांत त्यांच्यात एक लंगडा गुलाम झाला आणि एक बादशहा झाला. एकाच्या मालकीचं स्वतःचं अंगसुद्धा नाही, दुसऱ्याच्या मालकीचं अर्धं जग. आणि दोघं एकच गोष्ट घोकताहेत, की आपल्या हातात काय आहे आणि काय नाही ते आधी वेगळं कर. वारा, पाणी, दुखणं, लोकांची जीभ, मरण, हे हातात नाही. आपण काय मानायचं, काय ठरवायचं, कसं वागायचं, एवढं आहे. पहिल्याचा शोक करत बसू नकोस आणि दुसऱ्यात कसूर करू नकोस. समुद्रावर आम्ही हेच करत होतो, फक्त कोणी नाव सांगितलं नव्हतं. वादळ कोणी थांबवत नाही, माल भरायच्या हॅचचं झाकण नीट बंद केलं आहे का ते बघतो.

खरं सांगू, पहिले काही दिवस मला हे पुस्तक फार आवडलं, कारण त्याने माझी सोय केली. मी हिशेब मांडला, तुझ्या आईचं, मथुराचं हृदय गौरवच्या हातात आहे का? नाही. ऑपरेशन? नाही. मग त्याला कळवून काय मिळणार? म्हणजे कमळा सांगते तेच बरोबर, आणि आता तर तिच्या बाजूने दोन हजार वर्षांपूर्वीचा बादशहासुद्धा उभा. मी निर्धास्तपणे तुला अजून एक खोटा मेसेज टाकला. बाकड्यावर ताठ बसायचो, कोणी विचारलं की शांतपणे सांगायचो, जे व्हायचं ते होईल. बोटीवर मला मागे दगड्या सारंग म्हणायचे ते तुला माहीत नसेल. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

आणि मग सातव्या की आठव्या दिवशी त्यातच एक गोष्ट वाचली. यांच्यातला एक मोठा गुरू गलबतातून चालला होता. रात्रभर वादळ. सगळ्यांनी रडारड केली, हा गप्प, पण तोंड पांढरंफटक पडलेलं. वादळ शमल्यावर एकाने त्याला टोचलं, की तुम्ही तर कशालाच न घाबरणारे, मग असे पिवळे का पडलात? तर त्याचं म्हणणं असं, की पहिला दचका कोणाच्याच हातात नसतो. पोटात गोळा यायचाच, रंग उडायचाच, शहाण्याचासुद्धा. त्या दचक्याचं म्हणणं खरं मानायचं की नाही, पुढे काय करायचं, ते मात्र आपलं. मी ती पानं तीनदा वाचली. तू मला मागे मोबाईलवर ते तुझे स्टोइक व्हिडिओ दाखवले होतेस ना, दाढीवाला संगमरवरी पुतळा, मागे ढोल, आणि कोणीतरी दंड फुगवून सांगतोय की भावना म्हणजे कमजोरी. तसलं या पुस्तकात कुठे नाही. दगड व्हा असं त्यांनी सांगितलेलंच नाही. उलट माणसांत राहा, बाप असशील तर नीट बाप हो, मुलगा असशील तर नीट मुलगा हो, असंच पानोपानी. हल्ली माणसाच्या खिशात दिवसभर जगातलं हाताबाहेरचं वाजत असतं, लढाया, शेअर बाजार, दुसऱ्याची लग्नं, आणि घरातलं हातातलं तसंच राहतं. त्यासाठी हे लोक आज लागतात असं मला वाटतं. मी मात्र त्यांचा उपयोग तोंड लपवायला केला.

कारण हातात नाही, हातात नाही करत मी एक गोष्ट विसरलो. आईचं दुखणं तुझ्या हातात नाही हे खरं. पण ते कळल्यावर तू काय करायचं, हे तुझ्याच हातात आहे. रडायचं, फोन करायचा, कॅप्टनकडे जायचं, की वॉच चालू ठेवायची. तेवढं एकच तुझं होतं आणि तेच मी काढून घेतलं. या लोकांच्या चार गुणांत धीर आहे, शहाणपण आहे, संयम आहे, आणि चौथा न्याय आहे. ज्याचं त्याला देणं. ही बातमी तुझी होती, गौरव. अकरा दिवस मी ती खिशात घालून फिरलो, तुझ्या आईच्या मोबाईलबरोबर.

आणि हे मी करावं? ज्याच्याशी हेच झालंय त्याने? तुझी आजी, आम्ही तिला आये म्हणायचो, ती एक्क्याण्णव साली पावसाळ्याच्या तोंडावर गेली हे तुला माहीत आहे. मला ते दिवाळीत कळलं एवढंही तू ऐकलं असशील. बाकीचं मी कधी बोललो नाही. मी तेव्हा साधा खलाशी होतो, लग्नाला वर्ष झालं होतं. आये तीन आठवडे अंथरुणाला होती आणि त्यातले आठ दिवस माझं जहाज कांडल्याला माल उतरवत होतं. दोन दिवसांत घरी पोचलो असतो. कोणी कळवलं नाही. उलट तुझी आई दर पंधरा दिवसांनी मला पत्र टाकत राहिली, सासूबाई बऱ्या आहेत, तुमची आठवण काढतात. आये गेल्यावरसुद्धा चार महिने. मी दिवाळीत आलो तेव्हा आयेसाठी जपानी बॅटरी आणली होती, तिला मागल्या परसात काळोखात जायची भीती वाटायची म्हणून. ती हातात घेऊन हाका मारत ओटीवर चढलो आणि समोर तिचा हार घातलेला फोटो. मी रडलो नाही. कमळाला काही बोलायची माझी छाती नव्हती, सगळा राग मथुरावर काढला. महिनाभर तिच्याशी शब्द बोललो नाही आणि तसाच पुन्हा बोटीवर गेलो. पुढे संसार झाला, तुम्ही झालात, पण ती पत्रं मी तिला माफ केली नाहीत. चौतीस वर्षं. भांडणात तोंडाने कधी काढली नाहीत, पण तिला ठाऊक होतं.

आता या अकरा दिवसांत मला कळतंय की ती पत्रं लिहिणं काय होतं. माझ्या खोट्यात मला समीक्षा आहे, शेजार आहे, तुझे दोन ओळींचे मेसेज आहेत. ती चोवीस वर्षांची पोर, सासू गेलेली, नवरा कुठल्या समुद्रात ते माहीत नाही, आणि पोस्टाच्या निळ्या कागदावर सासूबाई बऱ्या आहेत म्हणून लिहितेय. तिने ते चार महिने ओढलं. मला अकराव्या दिवशी दम लागला.

आता कामाचं ऐक. तुमच्या कंपनीच्या ऑफिसला मी मंगळवारी फोन केला. तुझं नाव सांगितलं नाही, तुमच्या जहाजावरच्या एका खलाशाचा बाप बोलतोय असं भासवलं, आयुष्यात कधी एवढा घाम फुटला नव्हता. ते म्हणाले, घरी असं काही असेल तर माणसाला सिंगापूरला उतरवता येतं, पण माणसाने स्वतः कॅप्टनकडे अर्ज द्यायला हवा आणि तो शुक्रवारी दुपारी बाराच्या आत. तुझ्याकडचे बारा. संध्याकाळी तुमचं जहाज नांगर उचलणार आणि पुढे आफ्रिकेच्या केपला वळसा घालून ब्राझील, अठ्ठावीस दिवस नुसतं पाणी. हॉस्पिटलचा कागद समीक्षा या पत्राबरोबर पाठवतेय. मी लिहितोय आणि ती एकेका पानाचा मोबाईलवर फोटो काढतेय. अजून रुसलेली आहे, पण काढतेय.

दुसरी बाजूही मला माहीत आहे. परीक्षेला बसायला तुला अजून दोन महिने समुद्रावर भरायचे आहेत. मध्येच उतरलास तर वर्ष जाईल, पुढचं जहाज कधी मिळेल सांगता येत नाही. आणि तू येऊन आईची नळी उघडणार नाहीस. तू आलास नि सगळं नीट झालं तर आई शुद्धीवर आल्यापासून तुला ओरडेल, की वर्ष फुकट घालवलंस. तू राहिलास आणि नीट झालं, तर बरंच झालं. राहिलास आणि ती त्या वीसांतली निघाली, तर ते तुला आणि मला दोघांना जन्मभर वागवायचं आहे. हे सगळं मी तुझ्यासमोर उघडं ठेवतोय. ये असं मी लिहिणार नाही. येऊ नकोस असंही नाही. दोन्ही लिहायला हात शिवशिवतोय, इतकं खरं सांगतो. रडू आलं तर रड. तो पहिला दचका, तो तुझ्या हातात नाही आणि त्याची लाज नाही. पण तो उतरेपर्यंत कॅप्टनच्या दारावर जाऊ नकोस आणि मशीनलाही हात लावू नकोस. रात्र आहे तुझ्याकडे. काय ठरवशील ते मला पटेल, कमळाला मी बघून घेईन, या वयात तेवढं तरी जमलं पाहिजे.

एवढ्यावर पत्र संपवायचं होतं, आणि कदाचित मी ते पाठवलंही नसतं, परवापासून दोनदा लिहून फाडलंय. पण आज सकाळी भेटीच्या वेळेला मी मथुराला सांगून टाकलं की गौरवला कळवतोय. ती उठून बसायला लागली, नर्स धावली. "लेकाच्या जिवाला कशाला घोर लावताव?" म्हणाली, मला नको नको ते बोलली. मी ऐकून घेतलं. मग तिला म्हटलं, त्या पत्रांसाठी मी तुला चौतीस वर्षं छळलं, मला माफ कर. ती छताकडे बघत म्हणाली, "आयेन मला दोनदा सांगितलान होता, भिकाला बोलाव म्हनून." कमळाने आणि घरातल्या मोठ्यांनी तिला मला लिहू दिलं नाही, आणि पुढे सांगून उपयोग काय, नुसतं मला लागलं असतं, म्हणून तिने ते पोटात ठेवलं. माझा सगळा राग सोसला, पण हे सांगितलं नाही. आये मला बोलावत होती, गौरव, आणि मी आठ दिवस कांडल्याला डेक रंगवत होतो. मला रडू आवरलं नाही, वॉर्डात सगळ्यांसमोर. डोळे पुसून मी तिला विचारलं, तुला गौरव यायला हवाय का? तिने तोंड फिरवून घेतलं आणि मला सांगितलं की संध्याकाळी येताना घरून फणी घेऊन या, अकरा दिवस केस विंचरले नाहीत, पोरगा व्हिडिओवर बघेल तर घाबरेल. फणी मी खिशात ठेवलीय. तिचा मोबाईलही चार्ज करून ठेवलाय, आज भेटीच्या वेळेला, इथले पाच ते सहा, तो तिच्याच हातात असेल.

इथे पडवीत बसलेला, तुझाच,
बाबा